एक मॅन्ड्रेल, दोन सह्या

पातळ भिंतीचे बुश (पोकळ नळकांडे) लेथवर तीन जबड्यांच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, टर्न केले, की ते चकमध्ये गोल असते आणि चक सोडताच तीन ठिकाणी फुगते, हे या धंद्यात कोणाला सांगावे लागत नाही. 2003 साली भोसरीत दोन जुन्या लेथवर सुरू झालेल्या आमच्या कारखान्याने त्यावर उपाय म्हणून बुशला आतून फुगून धरणारा दांडा, म्हणजे मॅन्ड्रेल, तयार केला, तो 2016 साली. मधल्या वर्षांत कामे आली आणि वेळेवर गेली, एवढेच.

चिरा दिलेल्या स्लीव्हची कल्पना माझी. ती स्लीव्ह फुगवणाऱ्या शंकूमागे डिस्क स्प्रिंगांची (बशीसारख्या चकत्यांची) चळत बसवायची, ही माझ्या तेव्हाच्या भागीदारांची. रात्री अकरा वाजता फिरताना काम किती डगमगते (रनआउट) ते मोजणारा डायल इंडिकेटर लावून ते बसत आणि काटा दहा मायक्रॉनच्या आत आल्याशिवाय चहाला हात लावत नसत. म्हणून पेटंटचा प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज दोघांच्या नावे केला आणि दोन महिन्यांनी मॅन्ड्रेल पुण्यातल्या एका प्रदर्शनात मांडला.

पुढे हिशेबावरून बिनसले (माझे हिशेब बरोबर होते, असे मी आजही म्हणतो) आणि ते चाकणला गेले. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण अर्ज करायची बारा महिन्यांची मुदत संपत आली होती. भारतातला पूर्ण अर्ज दोघांच्याच नावे राहिला. अर्जदार तेच शोधकर्ते असल्यामुळे परीक्षण अहवालात पेटंट कायद्याच्या कलम 7(2) खाली हक्काचा पुरावा मागितला गेला नाही. मात्र कलम 50 प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, प्रत्येक सहमालक पेटंट स्वतःसाठी वापरू शकतो आणि दुसऱ्याला हिशेब देणे लागत नाही. तेव्हापासून आमचाच मॅन्ड्रेल चाकणला बनतो आणि मला त्यातला एक रुपया मिळत नाही.

परदेशांसाठीचा पीसीटी (आंतरराष्ट्रीय) अर्ज मात्र तोंडी ठरल्याप्रमाणे एकट्या माझ्या कंपनीच्या नावे गेला. भागीदारांचा हक्क कंपनीला दिल्याचा हस्तांतरणाचा लेख राहून गेला. युरोपातल्या परीक्षकानेही तो मागितला नाही. 2021 साली युरोपीय पेटंट मिळाले आणि विरोधाच्या नऊ महिन्यांच्या मुदतीत तिथल्या एका स्पर्धकाने आमचेच प्रदर्शनातले माहितीपत्रक जोडून हरकत घेतली. पहिला अर्ज दोघांचा आणि दुसरा एकाचा, म्हणून अग्रक्रम (पहिल्या अर्जाची तारीख मिळण्याचा हक्क) बाद. अग्रक्रम बाद, म्हणून आमचे प्रदर्शनच आमच्या नावीन्याच्या आड, असा त्याचा युक्तिवाद होता. जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावरील युरोपीय पेटंट अशाच कारणाने गेल्याचे सर्वांना ठाऊक असल्याने आमच्या वकिलांचाही धीर सुटला होता. निर्यातीच्या भरवशावर काढलेल्या कर्जाचे हप्ते मी त्या काळात घरातले सोने ठेवून भरले.

ऑक्टोबर 2023 मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने ठरवले, की अग्रक्रम मागणाऱ्याला तो हक्क आहे असे गृहीत धरावे आणि नसल्याचे हरकतदाराने दाखवावे. तरुण उद्योजकांनी यावर विसंबू नये. प्रोव्हिजनल दाखल होण्याआधी, भांडण नसतानाच, स्टॅम्प पेपरवर सह्या घ्याव्यात. आणि शंकूचा कोन, स्प्रिंगांची संख्या प्रोव्हिजनलमध्येच लिहावी, कारण प्रत्येक दाव्याची अग्रक्रम तारीख स्वतंत्रपणे ठरते.

तोंडी ठरावाला दुजोरा देणारे निवेदन घेऊन मी चाकणला गेलो. त्यांनी आधी पेटंट मागून घेतले, शोधकर्त्यांमध्ये आपले नाव आणि मग स्प्रिंगांचा दावा शोधला, आणि सही केली. पेनाचे टोपण लावताना त्यांनी विचारले, “रनआउट आता किती येतो?” मी सात मायक्रॉन सांगितला. खरे तर नऊ येतो.