मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, तास आणि सांगलीहून निघायची वेळ

मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ, सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे मोजू नका. तिथली सरळ रेघ अरबस्तान, इजिप्त, सहारा अशी जाते आणि लांब पडते. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. आणि तो जातो कुठून? मध्य आशिया, रशिया, पार ६५ अंश उत्तरेपर्यंत चढून मग खाली. गोल हातात घेतल्याशिवाय हे पटत नाही.

विमान मात्र या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, अमेरिकी कंपन्यांना रशियावरून २०२२ पासून जाता येत नाही. वळसा धरून १३,००० किलोमीटर समजा.

त्यात वारा. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात फारच जोरात. म्हणून जाताना ताशी ८५० ने भागा, येताना ९५० ने, आणि धावपट्टी, चढ-उतार यांचा अर्धा तास मिळवा. जाताना जवळजवळ १६ तास, येताना सव्वाचौदा.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे; मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास. जानेवारीत १५ तारखेला पहाटे २ ला निघालेलं विमान तिथे १५ तारखेलाच सकाळी साडेसातला उतरतं.

खरी गफलत इथेच होते. १५ ची पहाट म्हणजे घर सोडायचं १४ ला, पण १५ च्या रात्रीची बस काढणारे असतातच. उलट मोजत या: विमानतळावर १४ ला रात्री साडेदहाला पोचायचं. सांगली ते मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या वर, गाडीने आठ तास. दोन तास हाताशी ठेवा, कारण खंबाटकी घाट, नवले पूल आणि बोरघाट यांपैकी एक तरी अडवतोच. म्हणजे सांगली दुपारी साडेबाराला सोडा, सातारकरांनी तीनला. रविवार असेल तर आणखी तासभर आधी, मुंबईकडे परतणारी गर्दी असते. तिकिटावर छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आहे की नवी मुंबई, तेही निघण्याआधी बघा.

कोल्हापूरहून मुंबईचं विमान धरणार असाल, तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. तिकिटं वेगवेगळी असली आणि कोल्हापूरचं विमान पावसात रद्द झालं, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही; न्यूयॉर्कचं नवं तिकीट पदरचे पैसे घालून काढावं लागतं.