तळावरचा वाजता टाळ

माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते. पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम, मग पंढरपूर. आमच्यातले बरेच सोलापूरकर इथूनच चालू लागतात. ओळीत शेजारी कोण येईल हे आपल्या हाती नसतं. शहराच्या पूर्व भागातला तेलुगू बोलणारा विणकर, अक्कलकोटकडचा कानडी शेतकरी, माळशिरसचा मेंढपाळ. वारीत भेद गळून पडतात असं सगळेच म्हणतात. आमच्या पाहण्यात ते आपोआप गळत नाहीत, रोज थोडे थोडे झटकावे लागतात. त्याची रीत तळावर बघायला मिळते.

पालखी तळावर आली की समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर टिपेला पोचलेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा मोठा समाज एकदम गप्प होतो. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार आहे ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात आणि तिथल्या तिथे तोड काढतात. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या निघायची वेळ सांगतात, आरती होते. तक्रारी साध्याच असतात: कुणी क्रम मोडून मध्ये घुसलं, कुणाला तंबूला जागा मिळाली नाही, टँकर आलाच नाही. पण तक्रार सगळ्यांच्या देखत होते आणि शक्यतो रात्रीपर्यंत उरत नाही. रात्रभर मुरलेली तक्रार सकाळी 'त्या गावचे लोक असलेच' या रूपात उठते.

दिंडीच्या आतही हेच लागतं. शंभर-सव्वाशे माणसांची दिंडी म्हणजे एक ट्रक, एक टँकर, दहा-बारा तंबू. भांडणाचं पहिलं कारण भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चासाठी प्रत्येकाने भरलेले पैसे. जमा-खर्चाची वही हरिपाठानंतर मोठ्याने वाचावी आणि सही दोन वेगळ्या गावच्या माणसांची घ्यावी. एकाच गावाकडे पैसा आणि चूल दोन्ही गेलं की तिसऱ्या दिवशी कुजबुज सुरू होते, मग हिशेब चोख असला तरी उपयोग नाही. स्वयंपाकाच्या पाळीत तीन गावची माणसं मिसळावीत. तंबूतही मिसळावीत, पण बायकांच्या तंबूत प्रत्येकीसोबत तिच्या ओळखीची एक तरी असू द्यावी. अनोळखी जागी रात्री बाहेर जायला सोबत लागते. ती नसली तर बाई दुपारपासून पाणी पिणं कमी करते आणि उन्हात चक्कर येऊन पडते.

निघायची वेळ मराठीत पुकारतात. आपल्या दिंडीत ती कानडीत आणि तेलुगूत पुन्हा सांगायला माणूस नेमावा. नाहीतर तेच लोक रोज मागे राहतात आणि 'यांना शिस्त नाही' हा शिक्का बसतो.

वीणा खाली ठेवत नाहीत. पाळी बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, वय-जात न बघता. नवख्याला पहिल्यांदा अवघड जातं ते वाकणं नव्हे, आपल्यापुढे कुणी वाकलेलं बघणं.

वाटेवरच्या गावांत मुसलमान घरंही चहा-पाणी देतात. त्यांचं नाव इतर घरांसारखंच त्याच वहीत लिहावं. शाल-श्रीफळ देऊन वेगळा सत्कार करायचा मोह टाळावा. तेवढ्याने गावकरी पाहुणा होऊन बसतो. २०२३ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली. पंढरपुरातल्या मुस्लिम समाजाने त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. असा निर्णय आदल्या आठवड्यात शांतता समितीची बैठक बोलावून होत नसतो, वर्षभर एकमेकांकडे उठबस असावी लागते.

आणि वाटेवरच्या समतेचं फार कौतुकही नको. दिंड्यांतल्या पंगती पूर्वी जातवार बसत. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. शतकानुशतकं वारी चालूच होती की.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो. लाह्या, दही एकत्र कालवून एकमेकांना भरवतात. हिशेबाची वही त्याआधीच मिटवावी. काल्यानंतर जो तो एसटी गाठायच्या घाईत असतो, आणि उरलेल्या भिशीचा वाद मग पुढच्या आषाढापर्यंत फोनवर चालतो.