पोट्टीचं नाव लीला? काहून?

नागपुरात बाळ झालं की नावाची घाई कोणालाच नसते. महानगरपालिकेत जन्माची नोंद नावाशिवाय होऊन जाते, नाव वर्षभरात टाकलं तर लेट फी पण लागत नाही, आणि तोवर घरात छकुली, पिल्लू, चिमणी यावर मस्त काम चालतं. इकडे न्यू जर्सीत डिस्चार्जच्या आधीच एक बाई फॉर्म घेऊन येते, त्याच फॉर्मवरून बर्थ सर्टिफिकेट आणि त्यावरच टिक केलं की सोशल सिक्युरिटी नंबर (इकडचा सरकारी ओळख नंबर) पण, त्यामुळे बाराव्या दिवशीच्या पाळण्याची वाट बघत बसलात तर उगाच मागे फेऱ्या. आम्ही नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, लीला. लिहून दिलं, झालं.

मग फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि धरमपेठेतून नणंदेचा फोन, "वहिनी, काहून हो इतकं जुनं नाव ठेवून राहिल्या? पेन्शनच्या लाइनीत उभं राहून बघा, लीलाबाईच लीलाबाई." तिची स्वतःची लिस्ट तयार होती, मायरा, कियारा, शनाया, आराध्या. आता यात वाईट काहीच नाही पण गंमत अशी की ही सगळी नावं युनिक म्हणून सुचवली जातात आणि तिच्याच मुलाच्या वर्गात दोन आराध्या आहेत. आमच्या वेळी पूजा आणि स्नेहाचं तेच झालं होतं, बाई हजेरी घेताना आडनाव लावल्याशिवाय पुढं जातच नव्हत्या.

माझं म्हणणं असं आहे की नाव जुनं कधी वाटतं, तर ते आपल्या आईच्या, मावशीच्या पिढीचं असलं की. संगीता, सुनीता, वंदना, मंगला. ही नावं आपण इतकी ऐकली आहेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, भिशीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, की ती नावं कानावर आली की समोर चष्मा आणि पर्सच दिसते. आपल्या आजीच्या, म्हणजे बाळाच्या पणजीच्या पिढीचं तसं होत नाही. त्या नावाची माणसं रोजच्या वावरात उरलेलीच नसतात, म्हणून ते परत कोरं होतं.

इकडे हे आकड्यात दिसतं. सोशल सिक्युरिटीवाले दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतात, १८८० पासूनची सगळी आहे, रात्री फीडिंग करता करता मी तीच वाचत बसायची (झोप तर तशीही नव्हतीच). १८८० पासून १९४६ पर्यंत मुलींत पहिला नंबर मेरी, एकही वर्ष चुकलं नाही, मग १९४७ ला लिंडा आली. १९७० ते १९८४ सलग जेनिफर. आणि एमा, जी १८८० मध्ये तिसरी होती, ती मधल्या काळात पार मागे पडली आणि २०१४ ते २०१८ पाच वर्षं पहिली. आता पाळणाघरात एमा, हेझल, एव्हलिन अशा पणजीच्या नावाच्या पोरी रांगताना दिसतात, पण बाळ लिंडा? बाळ डेब्रा? एकही नाही, कारण त्या अजून आज्या आहेत, चांगल्या धडधाकट, नातवंडांना सॉकरला सोडायला येतात.

मेरी मात्र अजून तशी परत आली नाही, म्हणजे साधं आणि जुनं एवढ्यावरच भागतं असं पण नाही.

आपली नावं तर इकडं आणखीनच वेगळी वाटतात. उषा म्हटलं की आपल्याला पंखा नाहीतर शिलाई मशीन आठवते ना, आणि कमला म्हणजे कुणाची तरी मोठी आई. इकडे उपराष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात २०२१ ते २०२५ कमला हॅरिस आणि आता उषा व्हान्स! माया तर भारतीय नसलेल्या लोकांत पण कितीतरी वर्षं पहिल्या शंभरात आहे. कोणाला त्यात काही जुनं दिसत नाही.

आता लीला कुठून आलं ते. माझ्या आजीला आम्ही सगळे सुशीला म्हणूनच ओळखायचो, रेशन कार्डावर पण तेच. नागपूरच्या महाल भागातल्या घरी माळ्यावर तिच्या लग्नातला पितळी गुंड, म्हणजे पाणी भरायचं भांडं, आहे, एकदा दिवाळीच्या साफसफाईत आईनं तो चिंचेनं घासला आणि गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली, "चि. सौ. कां. लीला हिस मामाकडून". लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहिलं आणि लीलाची सुशीला झाली, त्या काळी सरसकट व्हायचं ते. म्हणजे हे नाव तिनं जेमतेम सोळा-सतरा वर्षं वापरलं, माहेरी, वर्ध्याला. पेन्शनच्या लाइनीत ही लीला कधी उभीच नव्हती. नणंदेला हे सांगितलं तर म्हणते, गुंड नागपूरलाच राहू द्या, पोट्टीला शाळेत कोण गुंड दाखवणार आहे. बरोबरच आहे तिचं.

भांडण झालं ते स्पेलिंगवरून. एल-आय-एल-ए लिहिलं तर इकडे बरेच लोक लायला वाचतात, आणि तशा लायला आमच्या अपार्टमेंटमध्येच दोन आहेत, म्हणून डबल ई घातले. नवऱ्याला ते लिहिलेलं आवडत नाही, म्हणतो चप्पलच्या दुकानाच्या पाटीसारखं दिसतं. पण नर्सनं पहिल्याच झटक्यात बरोबर वाचलं, तिथं विषय संपला.

बारसं डिसेंबरात नागपूरला करायचं आहे, थंडीत, संत्री चालू असताना. कानात कुर्र करायचा मान आत्याचा, म्हणजे नणंदेचाच. तिनं आत्ताच कळवलंय की लीला सांगीन, पण त्याच्या आधी हळूच मायरा पण सांगून ठेवीन.