तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून मैदानात का नाही?

"खुब्याच्या ऑपरेशनला नऊ महिने झाले, उपवन तलावाला फेऱ्या मारतेस, मग खो-खो खेळत का नाहीस?" सर विचारतात, मैत्रिणी विचारतात, शेजारच्या काकूसुद्धा.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे किरकोळ, असं तुम्हाला वाटतं. मांडीच्या हाडावरचा उंचवटा घासून काढलाय, फाटलेलं लॅब्रम (सांध्याच्या खोबणीभोवतीची कूर्चेची कडी) खोबणीच्या कडेला पुन्हा शिवलंय. तीन आठवडे कुबड्या होत्या. त्यानंतरही बरेच दिवस खुबा ९० अंशांपुढे दुमडायचा नव्हता. आणि खो-खोत चौकोनात बसायचं ते उकिडवंच! पळता आलं म्हणजे बसता आलं, असं नसतं हो.

टेनिसपटू अँडी मरे परतला, हे उदाहरण तर नकोच. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तरी दुखणं गेलं नाही. वर्षभराने दुसरं करून आत धातू बसवला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०१९ मध्ये तो अँटवर्पची स्पर्धा जिंकला.

हे सगळं खरं आहे. पण मी त्याच्याआड लपतेय, हेही खरं.

सहाव्या महिन्यात फिजिओने दोन्ही पायांची ताकद तपासली, एका पायावर उड्या मारायला लावल्या आणि हलक्या सरावाला हो म्हटलं. त्या संध्याकाळी मी तिसऱ्या चौकोनात बसले. नुकतंच पाणी मारलेलं, बोटांना माती चिकटत होती. मागून पावलं आली, धाप ऐकू आली, पाठीवर थाप पडली. खो! मी उठलेच नाही. पळणारी हाताच्या अंतरावरून निघून गेली. "उठ गं!" सर ओरडले. मी जांघेवर हात दाबला आणि म्हणाले, "कळ आली."

कळ आली नव्हती. मी घाबरले होते.

मुलींनी धरून बाकावर नेलं. एक धाकटी खेळाडू धावत जाऊन बर्फ घेऊन आली. न दुखणाऱ्या खुब्यावर मी तो पार वितळेपर्यंत धरून बसले. तिच्याकडे बघवत नव्हतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमची एक ताई अशीच बाहेर बसायची. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. "नाटकं करते," असं मी चारचौघींत म्हटलं होतं. आज ती एकोणीस वर्षांची मी समोर आले तर काय सांगू? घाबरणं म्हणजे नाटक नव्हे, हे मला पटतं. पण कळ आली म्हटलं, ते नाटकच होतं ना?

सध्या गच्चीवर खडूने चौकोन आखून बसते. धाकटी बहीण मागून येऊन खो देते. काल दहा वेळा दिला. सहा वेळा उठले.