तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या आळीतला म्हातारा कोणी बंद केला

डिसेंबर लागला की हा प्रश्न येतोच. आधी कॅनडातून मावसभावाचा फोन, मग कुवेतवरून सुट्टीला आलेला शेजारी, मग रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कोणीतरी, अगदी सहज विचारल्यासारखं. "आपल्या आळीत थर्टी फर्स्टला म्हातारा नाही होत का आता? तुम्हीच बंद केलात म्हणे." इतकी वर्षं मी "पोरं राहिलीत कुठे आता आळीत" असं काहीतरी बोलून विषय बदलत आलोय. गेल्या रविवारी परत एकीने विचारलं आणि वर म्हणाली, "जाऊ दे, तुम्हाला नाही आवडत ते, माहितीये." ते मला लागलं. नाही आवडत असं नाहीये हो. म्हणून एकदाच सगळं लिहितो.

म्हातारा म्हणजे काय ते वसईतल्या माणसाला सांगायला नको. जुन्या पॅन्ट-शर्टात पेंढा कोंबायचा, मोडक्या खुर्चीत बसवून नाक्यावर ठेवायचा, तोंडात बिडी, हातात रिकामी बाटली, गळ्यात सरत्या वर्षाची पाटी, पोरांनी डबा वाजवत येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पैसे मागायचे आणि बाराला चर्चची घंटा झाली की पेटवायचा. वांद्र्याला, माहीमला पण करतात. कोचीला तर त्याला पप्पांजी म्हणतात आणि तो केवढा तरी उंच असतो. आमचा साडेचार-पाच फुटांचा, पण आमच्यासाठी नाताळ त्याच्याशिवाय संपायचा नाही. २५ तारखेचा येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, रात्रीची मिस्सा, घरोघरी करंज्या आणि केकची ताटं हे सगळं मोठ्या माणसांच्या हातात, म्हातारा मात्र पूर्णपणे पोरांचा. कपडे कोणाकडून आणायचे, पेंढा किती, आत फटाके किती भरायचे, सगळं तीच ठरवणार. डोकं तेवढं माझे बाबा करून द्यायचे.

हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे लागणार आहे. माझ्या लहानपणापासून आळीतल्या म्हाताऱ्याचं डोकं बाबांनीच केलेलं. गोणपाटात नारळाची सोडणं भरायची, मान सुतळीने आवळायची, डोळे-भिवया कोळशाने. आणि नाक. इतर आळ्यांत बाजारातला मुखवटा लावायचे, आमच्या म्हाताऱ्याला खरं वर आलेलं नाक असायचं. बाबा पहाटेच्या लोकलने सोनचाफा आणि तगर घेऊन दादरच्या फुलबाजारात जायचे, दुपारी परत येऊन जेवून झोपायचे, पण ३१ तारखेला झोपायचे नाहीत, मागच्या पडवीत पोरांच्या घोळक्यात बसून डोकं करायचे.

बाबा ऑगस्ट २०१६ मध्ये गेले. दीड वर्ष डायलिसिस चाललं होतं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहितीये.

ते वर्ष नोटाबंदीचं. नोव्हेंबरमध्ये पाचशे-हजारच्या नोटा गेल्या, डिसेंबर संपला तरी कोणाकडे सुट्टे नव्हते, पोरांचा डबा वाजेचना. दरवर्षी थोडे पैसे जमले की पोरं फटाके, टोपी, चष्मा असं काहीबाही आणायची, त्या वर्षी काहीच आणता येईना, मग घरोघर फिरून मागितलं, काय असेल ते द्या. आमच्या घरी पण आली. मी अंधेरीला सेकंड शिफ्टला. घरी आई एकटी.

रात्री नालासोपाऱ्याला उतरलो तेव्हा सव्वादहा-साडेदहा झाले असतील. गाडीत लोक मोबाईलवर पंतप्रधानांचं संध्याकाळचं भाषण परत परत लावत होते, डोकं भणभणलेलं, बाबांशिवायचा पहिला नाताळ कसातरी ढकलला होता आणि मला फक्त घरी जाऊन पडायचं होतं. स्टँडवरून स्कूटर काढली. आळीच्या तोंडाशी वळलो आणि हेडलाईटच्या उजेडात बाबा खुर्चीत बसलेले दिसले.

हे वाढवून सांगत नाहीये. एक क्षण मला खरंच ते बाबाच वाटले. निळ्या चौकड्यांचा शर्ट, खिशाला आईने पांढऱ्या दोऱ्याने घातलेले टाके, कारण निळा दोरा संपला होता आणि बाबा म्हणाले होते चालेल, दादरला कोण माझा खिसा बघतंय. लोकलचा पास ठेवून ठेवून तो खिसा फाटला होता. दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, बाबांसारख्याच, दोन घड्या आणि तिसरी अर्धी. आणि मला सगळ्यात जास्त जे झालं ते म्हणजे शर्ट भरलेला होता. शेवटच्या वर्षात तो बाबांच्या अंगावर नुसता लटकायचा, खांद्याची हाडं वर यायची, गळा ढिला पडायचा. त्या खुर्चीत पेंढ्याने पोट भरलेलं, छाती भरलेली, मी दहावीत असताना बाबा जसे होते तसे. डोक्याच्या जागी लाल भोपळा. तोंडात बिडी. गळ्यात पाटी, २०१६ बाय बाय.

बाजूला पोरं नाचत होती, स्पीकर चालू होता. मी स्कूटर स्टँडलासुद्धा लावली नाही, तशीच टाकली. म्हाताऱ्याला कॉलरला धरून खाली ओढला, भोपळा गडगडत गटारापर्यंत गेला, बाही खांद्यापासून टर्रकन फाटली. एक पोरगा मध्ये आला, बारा वर्षांचा, शेजारच्याच घरातला, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेला. म्हणाला, "अंकल, अंकल, आजीने दिलाय." मी त्याच्या कानाखाली मारली. जोरात. तो पडला नाही, पण त्याचा चष्मा पडला आणि कोणाच्या तरी पायाखाली गेला.

कोणीतरी स्पीकर बंद केला. मी रस्त्यात बसून शर्टातला पेंढा उपसून काढत होतो. आतून लवंगीची माळ निघाली, सगळ्यांनी वर्गणी काढून आणलेली एकच माळ. बायका दारात आल्या. पोरग्याची आई आली, तिने त्याला उचललं, चष्म्याच्या काचा गोळा केल्या, माझ्याकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता गेली. ती दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

घरी आलो तर आई ओटीवर. माझ्या हातातला शर्ट बघून तिला कळलं. आमच्या बोलीत जे बोलली ते इथे नीट मराठीत लिहितो: "मीच दिला. कपाट उघडलं की वास येतो रे. मला नाही सहन होत." मग थोड्या वेळाने, "नोव्हेंबरच्या दोन तारखेला कबरीवर मेणबत्त्या लावल्या तेव्हापासून द्यायचं चाललं होतं मनात. पोरं आली, म्हटलं त्यांनी घेऊ दे, त्यांच्याकडे तर ते दरवर्षी बसायचे." मी तिच्यावर पण ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

बाराला घंटा झाली. आमच्या आळीतून एक आवाज आला नाही. बाजूच्या आळीचा धूर आमच्याकडे येत होता.

एक तारखेला आळीतली सगळी घरं एकमेकांकडे जातात. आमच्याकडे एकच म्हातारे काका आले, ते पण दोन मिनिटं, खुर्चीच्या काठावर बसले.

आता तुमचा प्रश्न. मी बंद केला का? मी कोणालाही बंद करा म्हणालो नाही. हे मी शपथेवर सांगतो. पण चौथ्या की पाचव्या दिवशी आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी भलामोठा मेसेज टाकला होता, आणि तुमच्यातल्या काही जणांनी तो वाचलाय, पुढे पाठवलाय पण. त्यात लिहिलं होतं की म्हाताऱ्या माणसाचा पुतळा करून, त्याच्या तोंडात बिडी आणि हातात बाटली देऊन तो जाळणं ही आपल्या संस्कृतीतली लाजिरवाणी गोष्ट आहे, ज्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना काय वाटत असेल, पोरांना आपण काय शिकवतोय, शिवाय फटाके, शिवाय प्रदूषण. बऱ्याच जणांनी अंगठा दिला. एका शिक्षकांनी फोन करून कौतुक केलं. पुढच्या वर्षी पोरांनी म्हातारा केलाच नाही, त्याच्या पुढच्या वर्षी पण नाही, मग सवय गेली.

तो मेसेज मी गेल्या महिन्यात शोधून परत वाचला. मला तो लिहिणाऱ्या माणसाला विचारावंसं वाटतं, अरे, तुझ्या बापाला कधी अपमान वाटला का त्यात? सत्तरी जवळ आली तरी ते पडवीत बसून त्याच म्हाताऱ्याचं डोकं शिवत होते, दात नसलेल्या तोंडाने हसत होते. पोरं त्यांना म्हणायची, आजोबा, हा तुमच्यासारखाच दिसतो, तर म्हणायचे, मग जरा देखणा करू या. तुला म्हाताऱ्या माणसांचं दुःख नव्हतं झालं, तुला तुझ्या बापाचं झालं होतं, आणि ते सरळ लिहायची तुझी हिंमत नव्हती.

पण मग दुसऱ्या बाजूने पण सांगतो, सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नका. बाकीच्या आळ्यांमध्ये मी कुठे गेलो होतो कानाखाली मारायला? तिथे पण कमीच होत चाललाय. आमच्याकडची निम्मी घरं कॅनडाला, उरलेल्यांची पोरं क्लासला, नाक्यावर जिथे खुर्ची ठेवायचो तिथे आता रात्री अकराला पण गाड्या थांबत नाहीत. पेंढा नाही कारण भातच लावत नाही कोणी, आमचं स्वतःचं शेत चार वर्षं पडीक आहे. नाताळच्या गोठ्याला लागतो तेवढा पेंढा विकत आणतात. हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं लिहितानाच मला कळतंय की त्या वर्षी, २०१६ ला, आमच्या आळीत पेंढा होता आणि पोरं पण होती, अकरा पोरं होती, मी मोजून सांगू शकतो.

मेलेल्या माणसाचा शर्ट जाळू नये असं मला आजही वाटतं, त्यात मी बदललेलो नाही. आई म्हणते, मग काय करायचं असतं त्याचं, सांग. अनाथाश्रमाला द्यायचा, म्हणजे कोणी अनोळखी माणूस तो घालून फिरेल, ते चाललं असतं तुला? यावर माझ्याकडे उत्तर नाही. शर्ट अजून त्याच कपाटात आहे, धुतलेला, बाही फाटलेलीच. वास गेला. आईने धुतला तेव्हाच गेला आणि त्यावरून पण आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो.

त्या पोरग्याची मी माफी मागितली का, हे पण एकाने विचारलं होतं. चष्म्याचे पैसे दिले, तिसऱ्या दिवशी, पाकिटात घालून त्याच्या आईच्या हातात. तिने घेतले. त्याच्याशी बोललो नाही. बारा वर्षांच्या पोराची माफी कशी मागायची हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर तो दिसला की मी मान खाली घालायचो आणि तो पण घालायचा, एकाच आळीत राहून, एकाच चर्चमध्ये, नऊ वर्षं. बाह्या त्यानेच दुमडल्या होत्या हे मला फार उशिरा त्याच्या बहिणीकडून कळलं. सगळी पोरं म्हणत होती सरळ राहू दे, तर तो म्हणाला, नाही, आजोबा अशा करायचे.

तो आता एकवीसचा आहे, नाताळगीतांच्या ग्रुपमध्ये गिटार वाजवतो. यंदा गाणी म्हणत आमच्या दारात आले तेव्हा बाकीचे पुढच्या घरी गेले आणि तो मागे राहिला. म्हणाला, "अंकल, लहान पोरं मागे लागलीत, यंदा म्हातारा करायचा विचार आहे. पेंढा आम्ही आणतो, कपडे माझ्या बाबांचे आहेत, त्यांनीच दिलेत, फटाके घालणार नाही. तुम्ही डोकं करून द्याल का?"

मी म्हटलं, सांगतो. अजून सांगितलेलं नाही. हो म्हटलं तर लोक म्हणतील बघा, आता कळलं ह्याला. आणि मला काय कळलंय ते मलाच सांगता येत नाही. नाही म्हटलं तर ती कानाखाली दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल. शिवाय मी कधी डोकं केलेलं नाही, मी फक्त बघायचो.

काल दुपारी आई झोपली असं समजून पडवीत गोणपाट काढून बसलो. सोडणं भरली, मान आवळली, डोळे काढले. नाक काही येईना. चिमटीत धरून सुतळी गुंडाळली की सुटतंय, परत गुंडाळली, परत सुटली. आई मागे येऊन कधी उभी राहिली मला कळलंच नाही. म्हणाली, "बाहेरून नाही रे. ते आतून बांधायचे. सोडणं भरायच्या आधी."