पाट्यांपासून कॅमेऱ्यांपर्यंत : आमची वाटचाल

पुण्यात रविवार पेठेत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाट्यांचा व्यवसाय सुरू केला तो सत्तरच्या दशकात. डॉक्टर-वकिलांच्या पितळी पाट्या, क्रीडा मंडळांच्या ढाली, शाळांचे चषक. पँटोग्राफवर, म्हणजे नमुन्यावरून अक्षर कोरणाऱ्या यंत्रावर, अक्षर खोदायचं, त्यात काळी लाख भरायची, जादाची घासून काढायची आणि पॉलिश मारून पाटी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. दर अक्षरामागे असायचा, त्यामुळे जोडाक्षर एक धरायचं की दोन यावर रोज घासाघीस चाले.

लेझर मशीन आल्यावर हे काम झपाट्यानं आटलं. ॲक्रिलिकची पाटी बसल्या बैठकीला कापून मिळू लागली, मग पितळेसाठी चार दिवस कोण थांबणार? पँटोग्राफ विकावा की ठेवावा हा घोळ घरात चालू असतानाच एका स्टुडिओवाल्यांनी त्यांच्या वडिलांचा झेनिट-ई हा सोव्हिएत कॅमेरा आणून दिला. शटरचा वेग ठरवणाऱ्या डायलवरचे आकडे दिसेनासे झाले होते. ते नव्यानं खोदून द्याल का, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी भिंगाखाली टॉर्च तिरका धरला आणि म्हणाले, “खोदायचं कशाला? अक्षर जागेवर आहे, रंग तेवढा गेलाय.” आमचा आजचा व्यवसाय, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांवरच्या अक्षरांत पुन्हा रंग भरणं, या एका वाक्यावर उभा आहे.

जुन्या धातूच्या कॅमेऱ्यांवर अक्षरं बहुतेक खोदलेली असतात आणि त्या चरीत एनॅमल, म्हणजे कडक वाळणारा चकचकीत रंग, भरलेलं असतं. १९५४चा लायका एम-३ घ्या, १९५९चा निकॉन एफ घ्या, पद्धत हीच. अंगठा रोज एकाच जागी फिरतो, घाम लागतो, चामड्याच्या कव्हरात ओल धरते, रंग आक्रसतो आणि कपचे निघू लागतात. चर मात्र राहते. आमचं काम त्या चरीपुरतं. प्लास्टिकच्या कॅमेऱ्यांवर आणि नंतरच्या अनेक लेन्सवर अक्षरं नुसती छापलेली असतात. ती पुसली गेली तर आम्ही काही करू शकत नाही आणि ते कॅमेरा हातात घेतानाच सांगतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो सफाईत. लाकडी टूथपिकचं टोक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, बस्स. सुई लावली की चरीची कड मोडते. ॲसिटोन तर आमच्या टेबलावर ठेवतच नाही, कारण ते काळा मूळ रंगच उचलून नेतं. चरीतून काय काय निघतं! पितळेचा हिरवा गंज, जुनं ग्रीस, आणि स्टुडिओतले कॅमेरे असतील तर हळदकुंकू. वर्षानुवर्षं खंडेनवमीला त्यांची पूजा झालेली असते. ती पूड काढताना आमच्याकडे काम करणाऱ्या ताई आधी हात जोडतात. मला ते फार आवडतं.

रंग भरण्यापेक्षा तो पुसणं अवघड. एनॅमल चरीत जरा जादाच भरायचं, वरचा थर चिकट होईपर्यंत थांबायचं, मग सपाट लाकडी पट्टीवर सुती कापड ताणून बसवायचं, त्याला नावापुरतं टर्पेंटाइन लावायचं आणि वरून न्यायचं. कापड सैल असेल तर ते चरीत शिरून सगळा रंग ओढून आणतं. पातळ द्रव उडून गेला की रंग खाली बसतो, म्हणून बहुतेक वेळा दुसरा हात द्यावा लागतो. मेणाच्या कांड्या भरून पाच मिनिटांत काम उरकता येतं, पण मे महिन्यात गाडीत राहिलेल्या कॅमेऱ्यात ते मेण टिकत नाही. आम्ही ते वापरत नाही.

छटा जुळवणं ही खरी परीक्षा. साठ वर्षांपूर्वीचा पांढरा आज पांढरा नसतो. डबीतला शुभ्र रंग तसाच भरला तर एक आकडा ओरडतो आणि बाकीचे गप्प बसतात. आम्ही त्यात किंचित पिवडी आणि कणभर काळा मिसळतो. नमुना घ्यायचा तो लेन्सच्या रिंगखाली झाकल्या गेलेल्या अक्षरावरून, जिथे ना ऊन पोचलं ना बोट. निकॉनच्या जुन्या निक्कॉर लेन्सवर तर ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा, आकडा आणि डेप्थ ऑफ फील्डच्या, म्हणजे किती अंतरापासून किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसेल ते दाखवणाऱ्या, त्याच्या दोन रेघा बऱ्याचदा एकाच रंगात असतात. सोळा निळा, तर त्याच्या रेघाही निळ्या. तिथे रंग चुकला तर फोटोग्राफर चुकीचं अंतर वाचेल. हे सजावटीचं काम नाही, मोजपट्टीचं आहे.

पँटोग्राफ आम्ही विकला नाही. पण तो कॅमेऱ्याला लावायचा नाही हा अण्णांचा नियम मीही पाळतो. झिजून उथळ झालेली चर आम्ही खोल करत नाही, आणि सीरियल नंबरला तर कधीच हात लावत नाही. त्यात फक्त रंग भरायचा, आकडा वाचता येत असेल तरच. कारण साधं आहे. खारकीव्हचा फेड आणि क्रास्नोगोर्स्कचा झोर्की हे जर्मन लायकाची नक्कल करून बनवलेले सोव्हिएत कॅमेरे. त्यांच्यावर लायकाचं नाव आणि जर्मन सैन्याची चिन्हं खोदून विकण्याचा धंदा जगभर चालला, अजून चालतो. आमच्याकडेही अशी विचारणा येते, पैसेही चांगले देऊ करतात. ज्या हातांनी लोकांची खरी नावं दारावर लावली त्या हातांनी हे होणार नाही.

कडांवर काळा रंग झिजून पितळ दिसत असेल, तेही आम्ही झाकत नाही. कॅमेरा वापरला गेलाय हे दिसू द्यावं. आकडे वाचता यावेत एवढंच आम्ही बघतो.

रंगाचं टेबल आता दोघी ताई सांभाळतात; दोघीही अण्णांच्या वेळी पाट्यांत लाख भरायच्या. मी मोजमाप, सुटे भाग आणि गिऱ्हाईक बघतो. कॅमेरा आतून उघडायची वेळ आली तर मुंबईत फोर्टातल्या कारागिराकडे पाठवतो. यंत्राच्या आतलं ज्ञान त्यांचं, ते आपलं म्हणून मिरवू नये. अक्षरामागे दर मात्र आम्ही बंद केला. एका आकड्याची सफाई कधी दहा मिनिटं घेते, कधी अर्धा दिवस, त्यामुळे आता भाग बघून रक्कम सांगतो.

पुण्याच्या पावसाळ्यात एनॅमल वाळायला दुप्पट वेळ घेतं आणि हीटर लावून घाई केली तर वरून साय धरते, आतून ओलंच राहतं. म्हणून ज्यांना खंडेनवमीला कॅमेरा पूजेत हवा असेल त्यांनी तो आषाढ लागण्याआधी आणून द्यावा.