पेपर सुटल्यानंतरची वीस मिनिटं

आज जीवशास्त्राचा पेपर होता. गठ्ठे जमा करून बाहेर आले तर जिन्यापाशी आमच्या मुलांचा घोळका. "तिसऱ्याचं काय लिहिलंस?" एवढंच सगळीकडून ऐकू येत होतं.

वाद फुप्फुस धमनीवर, म्हणजे हृदयातून कमी ऑक्सिजनचं रक्त फुप्फुसांकडे नेणाऱ्या वाहिनीवर, पेटला होता. एकजण ठामपणे सांगत होता, धमनी म्हणजे ऑक्सिजनयुक्त रक्तच. समोरच्या मुलीने काही न बोलता तळहातावर पेनाने हृदयाचे चार कप्पे काढले, उजव्या निलयातून (खालच्या कप्प्यातून) बाण फुप्फुसांकडे नेला आणि म्हणाली, "हृदयापासून दूर नेते म्हणून धमनी. रक्त कसलं, ते नंतर." बाण घामाने जरा फिसकटला होता, पण बरोबर होता! तो मुलगा मात्र गप्प झाला. दोन मार्क गेले हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला फार वाईट वाटलं, कारण वर्गात 'शुद्ध-अशुद्ध रक्त' असे सोपे शब्द मीच वापरले होते. गोंधळ तिथूनच झाला असणार.

मग लाल रक्तपेशींवर गाडी आली. माणसाच्या परिपक्व लाल पेशीत केंद्रक नसतं, ती साधारण 120 दिवस जगते, हे बहुतेकांना आलं होतं. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज: "पण बेडकाच्या असतं ना, मॅडम?"

असतं रे, असतं. हे पेपरात नव्हतंच.

उद्या पहिल्या तासाला फळ्यावर हृदय पुन्हा काढणार आहे. फक्त बाण, दिशा दाखवणारे.